वाईट नसलेली सून

तीर्थरूप मेव्हिस मावशीला,

स्किप्टनहून नाईजेलचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (उजवा टेकला की उठवायला माणूस लागतो, इतकं खेळपट्टीवर रोलर ओढणं मला पावलं आहे, तरी तुझ्यासाठी टेकला असं समज.) कंबरेचं नवीन हाड बसवल्यापासून तब्येत कशी आहे? जिना चढतेस ना? व्हिटबीच्या किनाऱ्यावरचे ते चोरटे सीगल अजून तुझ्या हातातले बटाटे पळवतात, की तू छत्री उगारायला लागल्यापासून शेजारणीकडे वळले? इकडे आम्ही सगळे खुशाल. आईही खुशाल आहे, म्हणजे विचारलं तर "चाललंय" म्हणते. "चाललंय" याचा आपल्याकडे अर्थ काय ते तुला सांगायला नको. तुझी थोरली बहीण बाळंतकळा येत असतानाही "चाललंय"च म्हणत होती. त्या बाळंतपणाकडे मी येणारच आहे, कारण त्यात तुझा हात आहे.

विनंती विशेष ही की मावशी, आपण जिंकलो! अगं, दणक्यात जिंकलो! नातिया आणि एलेने घरी आल्या. दोघी रीतसर आल्या, दोघी कायमच्या आल्या, आणि आता त्यांना इथून कोणाचा बाप हलवू शकत नाही. मी हे लिहितोय तेव्हा माझी लेक माझ्या बुटात उकडलेलं अंडं ठेवते आहे आणि मला तिच्यावर ओरडावंसंही वाटत नाही, यावरून माझी अवस्था ओळख. आईने तुला फोनवर काय सांगितलं असेल ते मला पाठ आहे: "सून आली. हवा बरी आहे." एवढ्या मोठ्या रामायणाचा तिने दोन वाक्यांत निकाल लावला असणार. म्हणून मुळापासून सांगतो. चहा घेऊन बस, बिस्किटंही घे.

तुला आठवतं, बाबा गेले आणि पाठोपाठ तिकडे जॉर्जियात, तेलावीला, नातियाची आई लामारा अंथरुणाला खिळली. नातिया चीजच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिच्या उशाशी गेली. जाताना पोटात एलेने होती, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. मग डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली, मग पोर झाली, मग लामाराबाईंचं दुखणं लांबत गेलं. मी आपला हिवाळ्यात मैदान बंद असलं की तिकडे आणि उन्हाळ्यात इकडे, अशा येरझाऱ्या घालत होतो. शेवटी म्हातारी गेली. नातियाने वर्षभर काळं नेसून सगळं यथासांग केलं आणि घरी यायला सामान बांधलं, तर व्हिसाखात्याने सांगितलं: बाई, तुम्हाला आमच्या देशात कायम राहायची परवानगी होती, ती तुम्ही दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिल्याने बुडाली. आता परतणारी रहिवासी म्हणून नव्याने अर्ज करा, आणि इथे तुमचं घट्ट असं कोण आहे ते सिद्ध करा. आईचं दुखणं दोन वर्षांच्या आत आटपायचं असतं, हे त्या बिचारीला कोणी सांगितलंच नव्हतं.

बरं, निदान पोर तरी आपली? छे! इथे तुझा संबंध येतो. परदेशात जन्मलेल्या ब्रिटिश माणसाचं मूलही परदेशात जन्मलं, तर ते आपोआप ब्रिटिश होत नाही, असा नियम आहे. आता मी, नाईजेल ओल्डरॉईड, ज्याने आयुष्यात ताटात गरम मसाला पडू दिला नाही, ज्याला लँकेशरची हद्द ओलांडली की डोकं दुखतं, तो मी जन्मलो कुठे? ऑस्टेंडला! बेल्जियममध्ये! का? तर मेव्हिस मावशीला स्वस्तातली बससहल मिळाली आणि "काही होत नाही गं डोरीन, अजून महिना आहे" असं म्हणून तिने पोट पुढे आलेल्या बहिणीला समुद्रापलीकडे नेलं. तेव्हा आपल्या यॉर्कशरच्या क्रिकेट संघात यॉर्कशरमध्ये जन्मलेलाच खेळायचा, दुसऱ्याला थारा नाही. त्या काळी इथले बाप दिवस भरलेल्या बायकोला हद्दीबाहेर बाजारालाही जाऊ देत नसत, आणि माझ्या बाबांची बायको पोर घेऊन आली ती थेट बोटीतून. बाबांनी पाळण्याला टांगायला चेंडू आणून ठेवला होता, तो त्यांनी शेजारच्या पोराला देऊन टाकला म्हणे. मला त्याचं काही नाही. मी तसाही शून्यावर बाद होणाऱ्यांतला. पण तुझी ती सहल माझ्या लेकीच्या मुळावर आली, हे लक्षात असू दे. (रागावू नकोस. पुढे माझं तुझ्याकडे काम आहे.)

तर दोन अर्ज. लेकीचा अर्ज म्हणजे मी ऑस्टेंडचा असलो तरी आईबाबा इथलेच आणि मी जन्मभर इथेच कुजलो, हे दाखवायचं. ते सोपं होतं, शाळेतल्या सगळ्या नापासांचे दाखले आईने जपून ठेवले होते. अवघड होता तो नातियाचा. त्यात एक प्रश्न असा की आपण कधी युद्धगुन्हा केला आहे काय. नातियाने फोनवरून मला गंभीरपणे विचारलं, "सासूबाईंचा लोकरीचा कोट मी गरम पाण्यात धुतला होता, तो धरायचा का?" मी म्हटलं, आईला विचारू नकोस, ती हो म्हणेल. मग आला पुराव्याचा भाग: नवराबायकोत जिव्हाळा आहे, आणि सासरच्यांना ही बाई परत हवी आहे, याचा पुरावा. मावशी, आपल्या घराण्यात जिव्हाळ्याचा पुरावा! आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे जण दातांच्या डॉक्टरकडे रांगेत उभे असल्यासारखे आहेत. मी बायकोला पाठवलेले सगळे संदेश उपसले. "पोचलो." "बरं." "इथे बर्फ." "किती?" "बराच." एकदा मात्र मी "बॉयलर दुरुस्त झाला, तू असतीस तर ऊब वाटली असती" असं लिहिलेलं सापडलं. ते मी मोठ्या अक्षरात छापून सगळ्यात वर लावलं. लिहिताना दोन पेले झाले असणार.

आणि शिफारसपत्रं. मी मैदान राखतो त्या क्रिकेट क्लबच्या अध्यक्षांनी लिहिलं, "बाईंचा कधी त्रास झाला नाही." पाद्रीबुवांनी लिहिलं, "चर्चच्या जत्रेत यांनी केलेला केक उरला नाही." आणि मुख्य पत्र आईचं, सासूचं. ते तिने चांगला कागद काढून, चष्मा पुसून लिहिलं. मला तोंडपाठ आहे: "नातिया माझी सून आहे. ती वाईट नाही. मी याहून पुष्कळ वाईट पाहिल्या आहेत. ती परत आली तर माझी काही हरकत नाही." अगं, पोस्टातल्या बाईने ते वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "डोरीन," ती म्हणाली, "इतकं कशाला लिहायचं गं, लोक काय म्हणतील?" आईही जरा लाजलीच. ते शेवटचं वाक्य फार होतंय का, असं तिने मला दोनदा विचारलं.

उत्तर आलं: अर्ज नामंजूर. कारण काय, तर अर्जदार बाईंबद्दल सासरच्या मंडळींना विशेष आस्था असल्याचं दिसून येत नाही. आईने ते वाक्य उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसली. "आस्था नाही?" म्हणाली. "मी 'वाईट नाही' लिहिलंय की! आणखी काय लिहू, नागडी नाचते असं लिहू?" मग ती परसात गेली आणि वाळलेलेच कपडे पुन्हा पिळून वाळत घालत बसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मी आपला अर्ज म्हणजे अर्ज, आज ना उद्या होईल, अशा मस्तीत होतो. आता वाटलं, माझी लेक तिकडेच मोठी होणार, मला हिवाळ्यातला पाहुणा म्हणून ओळखणार, आणि नातिया एक दिवस म्हणणार, पुरे झालं.

मग आम्ही ब्रॅडफर्डला एका वकीलबाईंना गाठलं. मिर्झाबाई. जन्म ब्रॅडफर्डचा, त्यामुळे भाषा आपलीच. त्यांनी आईचं पत्र वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "काकू, मी इथली आहे म्हणून मला कळतंय की तुम्ही सुनेवर जीव ओवाळून टाकताय. पण तो साहेब दुसरीकडचा असेल तर त्याला वाटणार, ही म्हातारी म्हणतेय, बाबा रे, हिला तिकडेच ठेव."

"मग काय करू? गळ्यात पडून रडू?"

"हो," मिर्झाबाई म्हणाल्या. "कागदावर जमलं तर उत्तम."

आई रोज सकाळी कागद घेऊन बसायची. कधी "वाईट नाही"च्या आधी "अजिबात" घालायची, आणि दुपारी ते खोडायची. म्हणायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एक दिवस तिने पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "नाईजेल, तिकिटं काढ. मला लिहिता येत नाही. मी जाऊन तिला बघून येते." जी बाई ऑस्टेंडनंतर लीड्सच्या पलीकडे गेली नाही, ती विमानात बसली. सोबत चहाच्या पुड्या, इथलं पाणी तिकडे मिळणार नाही म्हणून दोन बाटल्या (त्या विमानतळावर काढून घेतल्या, त्यावरून झालेलं भांडण वेगळं सांगेन), आणि उडताना अख्खा वेळ माझं मनगट. उतरल्यावर नातियाला बघून आईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "वाळलीस." नातिया तिथेच ढसाढसा रडायला लागली, कारण तिला आपली भाषा येते. पण तिच्या बापाला येत नाही, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

नातियाचे वडील ओतारी. मिशा अशा की त्यांच्या आड दोन चिमण्या संसार करतील. माणूस सोन्यासारखा, पण ते नामंजुरीचं पत्र नातियाने त्यांना भाषांतर करून सांगितलं होतं, आईच्या शिफारशीसकट. तेव्हापासून म्हातारा घुश्शात. त्यांनी मला अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली बाजूला घेतलं आणि नातियाला मध्ये दुभाषी म्हणून उभी करून सुनावलं: "जावईबापू, ज्या घरात माझ्या मुलीला 'वाईट नाही' म्हणतात, तिथे मी तिला का पाठवू? माझ्या कुत्र्यालाही मी याहून बरं बोलतो." आणि खरोखर बोलतात, मी ऐकलंय. आता झाली का पंचाईत? तिकडे साहेब येऊ देत नाही, इकडे बाप जाऊ देत नाही, आणि दोघांचं कारण एकच, माझी आई.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओतारींनी आईच्या मानाने पंगत घातली. तिकडची पंगत म्हणजे नुसतं जेवण नाही, मावशी. पंगतीला एक म्होरक्या असतो, अर्थात ओतारी. तो प्याला उचलतो, देवाबद्दल बोलतो, मेलेल्यांबद्दल बोलतो, आयांबद्दल बोलतो, आणि तो बोलेल त्या विषयावर बाकीच्यांनीही उठून मनापासून बोलायचं. न बोलता प्यायचं नाही आणि न पिता प्याला खाली ठेवायचा नाही. हे आपल्या माणसांना फाशीपेक्षा वाईट. मी माझ्या पाळीला "एलेनेला सर्दी होऊ नये" एवढं बोलून सुटलो. मग ओतारींनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "विहीणबाई, हा प्याला माझ्या मुलीसाठी. बोला."

आई उठली. "छान हवा आहे," म्हणाली. नातियाने भाषांतर केलं. ओतारींनी मान हलवली: "ती हवेबद्दल झाली. आता मुलीबद्दल." सगळी पंगत प्याले धरून उभी, मामा, काका, शेजारी, कोणी बसेना. आईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. (तू तरी दुसरं काय केलं असतंस?) तिने प्याला दोन्ही हातांनी धरला.

"मला बोलता येत नाही," आई म्हणाली. "आमच्याकडे बोलत नाहीत. माझा नवरा रेमंड आजारी पडला तेव्हा ही रोज कामावर जायच्या आधी त्याची दाढी करायची. मी करायला गेले की तो मला हाकलायचा, आणि हिच्यापुढे हनुवटी वर करून गप बसायचा. रेडिओवर सामना लावायची, आणि आपली माणसं बाद व्हायला लागली की म्हणायची, रेडिओ बिघडला. मग माझं लोणच्यांचं पुस्तक उघडून त्यातून मनच्याच धावा वाचून दाखवायची. तो गेला त्या दिवशी आम्ही सपाटून हरलो. पण रेमंड जिंकून गेला. मी हिला त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. चहा दिला. ही गेल्यापासून मी रोज एक ताटली जास्त मांडते आणि परत उचलून ठेवते. नाईजेल आहे, पण त्याचा काही उपयोग नाही. ओतारी, ही तुमची मुलगी आहे, मला कळतं. पण मला माझी पोर परत पाहिजे. माझं तिच्यावर प्रेम आहे. झालं. प्यायचं आता?"

भाषांतर कोण करणार? नातिया "रेमंड"पर्यंत आली आणि तिथेच थांबली. आईचा हात धरून नुसती हुंदके देत उभी राहिली. ओतारींनी हात वर केला, राहू दे म्हणाले, कळलं. टेबलाला वळसा घालून ते आले, आणि त्यांनी आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मिशांसकट. आई लालबुंद झाली पण हलली नाही. "विहीणबाई," ते म्हणाले, "घेऊन जा." मी रडलो, मावशी. हे तू कोणाला सांगू नकोस, क्लबमध्ये कळलं तर मला गाव सोडावं लागेल. पण रडलो, आणि एक प्याला न बोलताच प्यायलो.

नातियाच्या आतेभावाने हे सगळं फोनवर टिपलं होतं. मिर्झाबाईंनी ते ऐकलं, शब्दन् शब्द टंकून घेतलं आणि आईपुढे सहीला ठेवलं. आई म्हणाली, हे मी लिहिलेलं नाही, मी तेव्हा शुद्धीत नव्हते. "मग काकू, आता शुद्धीत सही करा," मिर्झाबाई म्हणाल्या. आईने केली, आणि इतकी दाबून केली की खालच्या दोन कागदांवर उमटली. नवा अर्ज गेला. आधी एलेनेचा कागद आला, ती ब्रिटिश झाली. पाठोपाठ नातियाचा, मंजूर! मी रोलर मैदानाच्या मधोमध सोडून घरी धावलो. खेळपट्टीवर अजून रोलर रुतल्याचा खड्डा आहे, आणि रविवारी त्यात लँकेशरकडच्या पाहुण्या संघाचे तीन गडी गेले.

त्या आल्या मँचेस्टरला, म्हणजे नेमक्या हद्दीपलीकडे, लँकेशरकडे. विमानतळावर आईने एलेनेला जी कडेवर घेतली ती खाली ठेवायलाच तयार नाही. मी म्हटलं, अगं, तिला चालता येतं. म्हणाली, "इथे नाही." गाडीच्या खुर्चीपर्यंत कडेवर, मध्ये चहाला थांबलो तिथेही कडेवर. यॉर्कशरच्या हद्दीची पाटी ओलांडल्यावर पहिल्या फाट्याला गाडी थांबवायला लावली आणि गवतावर पोरीला अलगद उभी केली. एलेने खाली बसली, मूठभर गवत उपटून तोंडात घातलं आणि नीट चावलं. आईने समाधानाने मान डोलवली. "चालेल," म्हणाली. नातिया मला कोपर मारून हसली, आणि मला वाटलं, बाबा असते तर त्यांनी आत्ताच्या आत्ता चेंडू आणला असता. (आता मुलींचाही संघ आहे.)

गावाने जंगी स्वागत केलं. पोस्टातली बाई म्हणाली, "आलीस का?" अध्यक्षांनी टोपीला हात लावला. आई पूर्वीसारखीच आहे. पंगतीचा विषय काढला की तिला ऐकू येत नाही. पण सकाळी ती नातियाला उठवायला वर जाते आणि बराच वेळ खाली येत नाही. तुझ्या तब्येतीला जप.

तुझा आज्ञाधारक, बेल्जियमचा,
नाईजेल

ता. क. – मगाशी काम म्हटलं ते हे. तुझ्याकडची समुद्राकडची खोली रिकामीच आहे ना? नाताळात ओतारी यायचं म्हणताहेत. आमच्याकडे आता वीतभर जागा नाही, म्हणून अर्जात मुक्कामाचा पत्ता तुझा घातला आहे. तुला आधी विचारणार होतो. पाहुण्याला बोलावल्याचं एक पत्र तुला द्यावं लागेल, तेवढं लवकर दे. आपल्या पद्धतीने लिहू नकोस.

ता. क. २ – माणूस गातो, पण सूर चांगला आहे. वाईन स्वतःची आणतो. सीगल त्या मिशा बघून तुझ्या वाटेला फिरकायचे नाहीत.

ता. क. ३ – खरं सांगायचं तर मावशी, घाई यासाठी की त्यांच्या अर्जाचं मला भय वाटतं. नातियाला सिद्ध करायचं होतं की तिची माणसं इथे आहेत. पाहुण्याचं उलटं असतं. त्याला सिद्ध करावं लागतं की तिकडे त्याचं कोणीतरी आहे, म्हणजे तो परत जाईल. आणि जे कोणी होतं ते आम्हीच उचलून आणलं. मी नातियाकरवी फोनवर विचारलं, काय लिहू? ओतारी म्हणाले, "लिही, लामाराच्या कबरीवर दर रविवारी पेलाभर वाईन ओतावी लागते, आणि ती माझ्याशिवाय कोणाच्या हातची घेत नाही." मी तसंच लिहिलं आहे.